काळ्या कोटाला निळा दोरा

तो आला तोच मुळी भांडायला. बाहेर पावसाची भुरभुर, आणि हा कोट काउंटरवर आपटून म्हणतो, "बाई, काळ्या कोटाला निळा दोरा?"

रफूवालीने कोट मांडीवर ओढून टाका डोळ्यांजवळ नेला. गेले काही महिने काळा आणि गडद निळा तिला सारखेच दिसत होते. डोळे विझत चालले होते आणि डॉक्टरांनीही हात टेकले होते. हे तिने घरच्या भिंतींनासुद्धा कळू दिलं नव्हतं.

"उजेड कमी होता..." ती पुटपुटली.

दुपारचं लख्ख ऊन नसलं, तरी दारातला उजेड थेट तिच्या मांडीवर पडला होता. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहणार? पण त्याचा आवाज एकदम खाली आला.

"खरंच की... अंधारच आहे," तो म्हणाला, आणि तोच कोट अंगात घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. दोऱ्याची रिळं उचलून एकेक रंग सांगू लागली. "हा काळा. हा निळा. हा विटकरी... आणि तुमच्या गालावर आलाय तो लाल."

"पेंटर, वयाचं जरा भान ठेवा!"

"ठेवलंय की. म्हणून तर घाई आहे."

हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली. मग तो रोजच येऊ लागला.

तिचं म्हणणं साधं होतं. फाटलं म्हणून टाकायचं नाही, ना कापड, ना माणूस. आणि हातातली विद्या हात चालताहेत तोवर दुसऱ्याला देऊन टाकायची. बरोबर नेऊन ती कुणाच्या कामाची? पण नवा शर्ट स्वस्तात मिळत असताना रफू शिकायला येतं कोण? डोळ्यांबरोबर आपली कलाही जाणार, या धास्तीने तिचा जीव पोखरला होता.

"रंग सांगायला मी कायमचा आलो तर?" एकदा त्याने विचारलं. "म्हणजे... राहायलाच."

तिची सुई थांबली.

"आधी रफू शिका. हात फिरवला तर टाका बोटाला लागणार नाही, असं करून दाखवा, मग बघू."

बसला बिचारा शिकायला. हात थरथरायचे, मधेच खोकल्याची उबळ यायची. रंगांच्या वाफांनी त्याची फुप्फुसं कधीच खाल्ली होती. त्याचा प्रत्येक टाका तिच्या बोटाला लगेच लागे.

"हा बघा, डोंगर झालाय!"

"असू दे. त्यावर घर बांधू."

ती हसायची, पण तो खोकला ऐकला की आतून गोठायची. थंडी पडली तसा तो दवाखान्यात गेला. तोवर तिचाही उजेड पुरता संपला होता.

शेजारणीचा हात धरून ती वॉर्डात पोचली. त्याने त्याच काळ्या कोटाची उजवी बाही तिच्या हातात दिली. "कोपरावर फाटली होती. शोधा."

तिने बोटं फिरवली. एकदा, दोनदा... काहीच नाही. तिसऱ्यांदा अगदी कसंबसं काहीतरी लागलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"पेंटर, हा हात तुमचा नाही."

त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवला.

"इथल्या सिस्टरचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलेलं सगळं तिला सांगितलं. मला जमेना, तिला जमलं. आता ती आणखी दोघींना शिकवतेय... अट मोडली मी. नाही म्हणालात तरी चालेल."

जे हात तिला कधी दिसणार नव्हते, त्या हातांत तिची विद्या जाऊन पोचली होती. चाचपडत तिने त्याचा हात शोधला.

"तुम्ही हवे आहात मला. आहात तितके दिवस."

"आणि अट?"

"दुसरी घालायला आपल्याकडे वेळ कुठाय?" तिने डोळे पुसले. "दोरा कुठला वापरलात?"

"निळा," तो म्हणाला. "तेवढं मात्र मी तिचं ऐकलं नाही. ती काळाच घेऊ म्हणत होती."