विरलेला निळा

रंग ठरवणं हे माझं काम. मोबाइलच्या टॉवरवर काही बिघडलं की आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक ओळ उमटते: कुठला टॉवर, काय झालं, किती गंभीर. ती ओळ कशी दिसावी ते मी स्टाइलशीटमध्ये लिहिते. बिघाड मी करत नाही, दुरुस्तही करत नाही. हे लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय, तरी टॉवर बंद पडला की फोन मलाच येतात.

त्या आठवड्यात सगळ्या ऑपरेटरांनी एकच सूर लावला होता की लाल रंगाने डोकं उठतं. आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे मास्तर म्हणतात, कारण चहा मागवतानाही ते धडा शिकवल्यासारखं बोलतात. त्यांनी मला डोळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी करायला सांगितलं. मी सकाळीच बसले. अतिगंभीरला विटकरी, गंभीरला फिका केशरी, किरकोळला राखाडी. शेवटी एक पातळी उरली, 'अनिश्चित'. काय झालंय ते यंत्रालाच कळलं नाही तर ते असा शिक्का मारतं. जुन्या शीटमध्ये तिच्यासाठी नियमच नव्हता, म्हणजे अशी ओळ आली तरी पांढऱ्यावर पांढरी, दिसणारच नाही. म्हटलं, हिने काय घोडं मारलंय? तिला एक निळा दिला, पुष्कळदा धुतलेल्या सुती ओढणीसारखा विरलेला, आणि नवी शीट चालू केली.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळेच पेंगत होते. एसीची घरघर तेवढी चालू होती. स्क्रीनवर हळूच एक ओळ उमटली, निळी. 'उत्तर टेकडी'. कारणाचा रकाना रिकामा. इतका मऊ रंग तिथे कधी दिसला नव्हता. शेजारची ऑपरेटर हनुवटी हातावर टेकून म्हणाली की बघतच राहावंसं वाटतंय. मलाही वाटत होतं, पण काळजात धस्स झालं होतं. उत्तर टेकडीच्या टॉवरवर त्या दिवशी माझा दादा चढला होता. टॉवरवरचे अँटेना दुरुस्त करणं ही त्याची नोकरी.

मी फोन लावला. काही बिघडलंय का विचारलं.

"काही नाही गं," तो सावकाश म्हणाला. एरवी तो एका दमात चार वाक्यं बोलतो. "वारा पडलाय. ढग एवढे खाली आलेत की माझे बूट मला दिसत नाहीयेत. छान वाटतंय."

"आधी खाली उतर."

"उतरतो की. घाई काय आहे?"

तेवढ्यात मास्तर आले. मुख्य कार्यालयातून पाहुणे यायचे होते आणि भिंत स्वच्छ हवी होती. मी म्हटलं, अजून काही कळलेलं नाही, राहू दे. त्यांनी मला अलार्म म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं.

"ज्याला कारण नाही तो अलार्म कसला?" ते म्हणाले. "लपवून टाक."

मीही वैतागले होते. सारखी डोळ्यांसमोर ती ओळ नको, म्हणजे आपलीही धाकधूक थांबेल, असं मनात आलं. एका ओळीचा नियम: 'अनिश्चित' असेल ते दाखवू नये. भिंतीवरचं पान आपोआप ताजं होतं, तिथून निळी ओळ गेली. माझ्या लॅपटॉपवर सकाळी उघडलेल्या पानावर नव्या ओळी येत होत्या, पण नवा नियम रीफ्रेश केल्याशिवाय लागत नव्हता. त्यावर ती राहिली. ते रीफ्रेश करायचा मी कंटाळा केला.

संध्याकाळी दादा मला न्यायला आला. शर्ट ओलसर, केसांत दवासारखं काहीतरी. माझा जीव भांड्यात पडला. त्याने मास्तरांना नमस्कार केला. ते वळलेसुद्धा नाहीत. माणसाला माज तरी किती असावा! मी दादाला म्हटलं, चल, यांचं काही खरं नाही.

"कोणाशी बोलतेस?" मास्तरांनी विचारलं.

मी विचारलं, आज उत्तर टेकडीवर कोण गेलं होतं?

"कोणीच नाही. तो टॉवर ठणठणीत आहे."

दादा माझ्या खुर्चीमागे उभा होता. ओले हात एकमेकांवर चोळत होता.

मी तो नियम खोडला. भिंतीवरचं पान रीफ्रेश केलं, शेजारणीचं केलं, मास्तरांचं केलं. निळी ओळ कुठेच आली नाही.

माझं पान रीफ्रेश करायची मला हिंमत झाली नाही.

लॅपटॉप तसाच उघडा हातात धरून मी दादासोबत घरी आले आणि तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. आईने दोनच ताटं मांडली होती. दादा बेसिनवर हात धूत होता.

"नळ कुणी उघडा टाकला गं?" आई म्हणाली आणि तिने तो बंद केला.

"आई, दादा आलाय."

"कोण दादा?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मला रडू फुटलं. ताप नाही, ती म्हणाली, जेव आधी.

ऑफिसचा लॅपटॉप थोडा वेळ तसाच ठेवला की मंद होतो, मग पानं बंद करून कुलूप लावतो. ते बदलणं माझ्या हातात नाही. मी पहिला घास घेतला, तेव्हा स्क्रीन मंद झाली. समोर येऊन बसलेल्या दादाच्या शर्टातून मला खुर्चीची पाठ दिसली.

मी झडप घालून बटण दाबलं. शर्टाच्या रेघा पुन्हा उमटल्या.

तेव्हापासून मी उजव्या हाताने जेवतेय, डावा बटणावर आहे.

"सारखं काय टकटक लावलंयस?" आईने विचारलं.

दादाने खुर्ची जवळ ओढली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, गार आणि ओलसर.

"किती दमलीयस," तो म्हणाला. "डोळे मिटतायत तुझे. झोप जा आता. मी आहे ना."