नाव गाळलेल्या ओव्या

“ती पानं माझ्यासमोर नको आणूस, सुलेखा. भाचीच्या हातचा चहा प्यायला आले मी. तेवढा पाज, अन् वाळूजच्या बसमधी बसवून दे...”

केसरबाई असं म्हणाली खरं, पण टेबलावरच्या गठ्ठ्यावरून तिची नजर काही केल्या हलेना. तिचा धाकटा भाऊ अप्पाराव, कॉलेजातून निवृत्त झालेला प्राध्यापक, त्याच्या पहिल्या कवितासंग्रहाची नवी आवृत्ती निघत होती, आणि गुलमंडीच्या छापखान्यातून तपासायला आलेली ती पानं त्याची लेक सुलेखा आठवडाभर वाचत बसली होती. त्या पुस्तकाचं नुसतं नाव निघालं, तरी केसरबाईच्या अंतःकरणात अडतीस वर्षं मुरलेला सल कळवळून उठायचा...

चौथीतून शाळा सोडून तिनं घरची चूल धरली, ती अप्पाला शिकता यावं म्हणून. कुणाच्या लग्नाची हळद दळायला ती जात्याशी बसली, की गळ्यातून ओव्या आपोआप झरायच्या, आणि प्रत्येक ओवीच्या दुसऱ्या ओळीत भावाचं नाव यायचंच. रीतच तशी. नावाबिगरची ओवी कुणाच्याच दारी जात नाय, असं तिची आई सांगायची. सुट्टीत घरी आलेला अप्पा जात्याशेजारी बसून त्या ओव्या वहीत उतरवून घ्यायचा. पुढं त्याचं पुस्तक आलं. हळदकुंकू वाहून, एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं ते वाचलं... तर त्यात तिच्या अकरा ओव्या होत्या, आणि अकराही ओव्यांची दुसरी ओळ छाटलेली. पुस्तकावर आपलं नाव नाही, याचं तिला तेवढं वाटलं नाही. पण आपल्या तोंडून निघालेलं त्याचं नावसुद्धा त्यानं राहू दिलं नाही! शिकल्यासवरल्या भावाला अडाणी बहिणीची एवढी लाज वाटावी? राखी चुकली नाही, भाऊबीज चुकली नाही. पण त्या दिवशी केसरबाईचा गळा जो मिटला, तो पोटच्या पोराच्या हळदीलाही उघडला नाही.

सुलेखानं चहाचा कप तिच्या हाती दिला आणि पिवळी पडलेली एक वही उघडली. “आत्या, बाबांची जुनी वही माळ्यावर सापडली. यात प्रत्येक ओवीची पहिली ओळ आहे, दुसरी शाईनं खोडलीय. काहीच वाचता येईना. या तुझ्याच ना?”

आतल्या खोलीचा पडदा हलला. अप्पा दारात उभा होता... चष्मा कपाळावर, तोंड उतरलेलं.

“तिला काय विचारतेस? मला विचार. मीच खोडल्यात.”

“का पण, बाबा?”

“आपल्याच पुस्तकात आपलंच नाव... लोक हसले असते.”

केसरबाईनं कप खाली ठेवला. “अप्पा, लहानपणी खोटं बोलताना तू असाच कान खाजवायचास. खरं काय ते सांग.”

अप्पाचा हात कानावरून खाली आला. मग तो हळूहळू चालत आला आणि गुडघे धरत तिच्या पायांशी, फरशीवरच बसला.

“नाव ठेवलं असतं, तर कुणीतरी विचारलंच असतं, अक्का... हे गातंय कोण? मग तुझं नाव सांगावं लागलं असतं. अन् त्या पुस्तकात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं. ते तुझं म्हटल्यावर माझं काय उरलं असतं? चोरी केली मी. हे सांगायला चारदा वाळूजला आलो तुझ्याकडं, अन् चारही वेळा जेवून परत गेलो.”

“व्हय. पुरणपोळी तेवढी मागून घेतलीस दर वेळी.”

सुलेखाला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी तिचे डोळेही भरले. केसरबाई मात्र हसली नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“म्हंजी... तुला माझी लाज नव्हती वाटत?”

“तुझी?” अप्पानं वर पाहिलं. “माझी वाटत होती, अक्का. आजही वाटते.”

चोर तर चोर... पण परका नव्हता झाला! केसरबाईच्या छातीवरून कुणीतरी जात्याचा दगड उचलून बाजूला ठेवावी तसं तिला झालं. अडतीस वर्षं कोंडलेला श्वास सावकाश बाहेर पडला, आणि त्या श्वासासोबत डोळ्यांतून जे वाहू लागलं, त्यात दुःख फार थोडं होतं...

“लिही गं पोरी,” पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. “ह्या अकरा ओव्या येगळ्या काढ. वर माझं नाव घाल. अन् चरण एकबी सोडायचा नाय.”

“नाव आत कशाला?” अप्पा म्हणाला. “मुखपृष्ठावर घालू. तुझं पहिलं.”

“पहिलंच येणार. थोरली हाय मी.”

तिनं डोळे मिटले. पहिला सूर घशातच अडकला, दुसरा खरखरला, आणि मग वाट सापडलेल्या पाण्यासारखी ओवी आली...

*शाळंच्या वाटंला, काटं वेचिते मी आधी*
*बंधू माझा अप्पाराव, चालं सावलीच्या मधी*

अकरा ओव्या झाल्या. सुलेखाचं लिहिणं थांबलं. अप्पानं उरलेल्या पानांचा गठ्ठा आपल्याकडं ओढला आणि पालथा घातला.

“एवढंच छापू, सुलेखा. बाकीच्यांत काही दम नाही.”

“कुणी सांगितलं?” केसरबाई तडकली, आणि कशाकडंही न पाहता, शाळेत कविता म्हणावी तशी एका सुरात म्हणू लागली...

*वसतिगृहाच्या खिडकीत*
*मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडतो,*
*तेव्हा आमच्या गावचा उजेड*
*माझ्या बोटांना चिकटतो.*

“ही कुणाची हाय?”

“माझी...” अप्पा म्हणाला. “तुला पाठ आहे?”

“तुझ्यावर रागावले व्हते. कवितेवर नाय. फडकं मी बांधलं व्हतं, पण हे काय मला सुचलं नसतं.”

अप्पानं आपलं पांढरं डोकं बहिणीच्या गुडघ्यावर टेकवलं. सुलेखानं गठ्ठा सरळ केला, त्यातून ते पान शोधलं, कोपऱ्यात बरोबरची खूण केली, आणि पुढचं पान आत्यासमोर धरलं.