निळ्या दारातली आई

मानवतच्या वाटेवरल्या त्या गावात, शाळेतून निवृत्त झालेले व्यंकटराव गुरुजी दिवस मावळतीला आपल्या ओट्यावर मुलांकडून पाढे म्हणून घेत. पाढे झाले की प्रत्येकानं आपल्या आईची एक आठवण सांगायची, हा त्यांचा शिरस्ता. तो खरा नातीसाठी होता. प्रियांकाची आई माधवी, म्हणजे गुरुजींची लेक, गेल्या साली वारली. पोरीनं तिला विसरू नये, एवढीच त्यांची धडपड.

आधी प्रियांका भरभरून सांगायची. वेचणीहून आलेल्या आईच्या केसांत कापूस अडकलेला असायचा, तो ती कसा काढून द्यायची, असं काहीबाही. मामानं मोबाइल दिल्यापासून मात्र सतराचा पाढा मध्येच तुटायला लागला. सकाळी काय खाल्लं, तेही आठवेना. गुरुजी रागावले नाहीत. "पुन्हा पहिल्यापासून म्हण," एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई निळ्या दारात बसून माझी वेणी घालायची."

माधवी निळ्या दाराच्या घरात कधी राहिलीच नव्हती. मग आश्रुबाच्या बालाजीची पाळी आली; तोही दिवसभर प्रियांकाच्याच मोबाइलमध्ये डोकं घालून असायचा. त्यानंही निळं दारच सांगितलं. त्याची आई शेजारच्या घरात भाकरी थापत होती, तो आवाज ओट्यापर्यंत येत होता.

"अरे, तुझी आई तर ती काय, भाकरी थापायलीय. विचारू का तिला, दार कधी रंगवलं?"

"तिला नका इचारू, गुरुजी. तिला न्हाई आठवत."

पोरांनी आपसांत ठरवलं असावं, असा गुरुजींना संशय आला. दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, कडी कोणत्या बाजूला? दोघांनीही डावा हात उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रियांकाचा मोबाइल मागून घेतला आणि दुपारभर अंगठ्यानं सरकवत बसले. नाच, स्वयंपाक, बैलांच्या शर्यती. निळं दार कुठंच दिसलं नाही. बायकोनं, तानुबाईंनी, ठेवलेला चहा निवून गेला.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगायला घेतलं.

"प्रियांका, तुझी आई लहानपणी जिन्यावर बसून पाढे म्हणायची. ऊन पायरीपायरीनं खाली यायचं."

पोरं टक लावून ऐकत होती. गुरुजींना बरं वाटलं.

आतून तानुबाई म्हणाल्या, "आवो, आपल्या घराला जिना कवा होता?"

गुरुजी थांबले. माधवीचं दुसरं काही आठवून पाहिलं. तिचा चेहरा समोर येईना.

"चौथी पायरी हालती," प्रियांका हळूच म्हणाली.

गुरुजींना ते माहीत होतं.