डावीकडची पातळी

बडनेरा रोडवर माझं दुकान आहे. जुन्या मोटारसायकलींचं काम करतो. नवीन गाड्यांत कार्बोरेटर उरलाच नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी तीस-पस्तीस वर्षांची गाडी अजून चालते ते लोक शोधत येतात. मी आयटीआय झालेला माणूस. गाडी बिघडली तर तिला कारण असतं, आणि ते हाताला लागतं, असंच आजवर मानत आलो. कमलाकांत सरांच्या गाडीचं कारण मात्र हाताला लागलं नाही.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी रमाबाई भातकुलीच्या शाळेत मास्तरीण होत्या. चोवीस वर्षं सरांनी त्यांना रोज सकाळी गाडीवर सोडलं आणि संध्याकाळी आणलं. सप्टेंबरात बाई गेल्या. सहा महिन्यांचं आजारपण होतं. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सर ती ढकलतच घेऊन आले. पेट्रोल वाहतं, म्हणाले, आणि प्लग काळा पडतो. मुलगी जुईली त्यांना पुण्याला नेणार होती. अकोल्याचा पुतण्या सौमित्र रविवारी येऊन गाडी नेणार होता. त्याआधी ती नीट चालावी, एवढंच काम होतं.

काम सोपं. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल ठरलेल्या उंचीपर्यंतच भरलं पाहिजे. आत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की तोही चढतो आणि पेट्रोल यायची वाट बंद करतो. आतली पातळी बघायला मी सलाईनची नळी वापरतो. वाटीच्या तळाच्या स्क्रूला ती लावायची आणि वाटीला चिकटून वर धरायची. आत जेवढं पेट्रोल तेवढंच नळीत दिसतं.

नळी बघून सरांनी मान दुसरीकडे वळवली. ती त्यांनी दवाखान्यात किती वेळा बघितली असेल, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

डाव्या बाजूला नळी धरली तर पेट्रोल खुणेच्या चार मिलिमीटर वर. फ्लोट वाकवायच्या आधी सवयीनं उजवीकडेही धरून पाहिली. तिकडे खुणेच्या चार मिलिमीटर खाली.

असं गाडी कललेली असली की होतं. भांडं कललं की पाणी एका बाजूला चढतं, तसंच. पण गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी होती. मी ओळंबा सोडून पाहिला. गवंड्याची लेव्हल सीटवर ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. मग फरशीवर शंका घेतली आणि गाडी फिरवून तोंड उलट्या दिशेला केलं. तरी पेट्रोल गाडीच्या डावीकडेच चढलेलं. पेट्रोलची वाट बंद करणारी निडल नवी टाकली, फ्लोट बदलला, शेवटी कार्बोरेटरच दुसरा बसवून पाहिला. चार वर, चार खाली.

सरळ उभ्या गाडीच्या पोटात पेट्रोल तिरपं होतं.

मंगळवारी सर आले तेव्हा त्यांना दाखवलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, की डावीकडे दोन्ही पाय सोडून कोणी मागे बसलं तर गाडी एवढी कलते का.

"कलते जी," मी म्हणालो. "चालवणारा सावरून घेते, म्हणून समजत नाई."

ते उठले आणि घरी गेले.

बुधवारी खुणेपासूनचा फरक साडेतीनवर आला होता. मी कशालाही हात लावला नव्हता. गुरुवारी सकाळी तीन, दुपारी अडीच. मला बरं वाटत होतं, आपोआप का होईना पण सुधारून राहिलं. सर दोन्ही दिवस येऊन बाकावर बसले. मी आकडा सांगितला की त्यांचे ओठ हलायचे. चोपन्न. सत्तेचाळीस. काही हिशेब करत असतील असं वाटलं. अडीच म्हटल्यावर ते म्हणाले, "चाळीस."

काय चाळीस, असं मी विचारलं.

"रमाचं वजन," ते म्हणाले. "दवाखान्यात दर महिन्याला करायचे. हे त्याच प्रमाणात उतरतंय, शालिकराम."

मी हातातला पाना खाली ठेवला. समोरून ट्रक जात होते. मी चहा सांगितला. तो दोघांनीही घेतला नाही.

मग सर आपणहून बोलले. शेवटचे दोन महिने रमाबाई एकच मागत होत्या, की एकदा मला शाळेत नेऊन आणा. कारनं नको, गाडीवर, नेहमीसारखं. सर म्हणायचे, तुला बसवणार नाही, थोडं बळ येऊ दे. ते बळ आलं नाही.

"मी मोजूनमापून बोललो तिच्याशी," सर म्हणाले. "उद्या सकाळी गाडी चालू करून देशील?"

गाडीत अजून गडबड आहे, वाटेत बंद पडेल, असं मी म्हणणार होतो. "या सकाळी," एवढंच म्हणालो.

शुक्रवारी पावणेदहाला ते आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मी शेवटचं माप घेतलं. डावीकडे दोन मिलिमीटरही पुरतं नव्हतं. नळी काढली, स्क्रू आवळला. गाडी पहिल्याच किकला लागली.

सर बसले. पुढे सरकून बसले, टाकीला जवळजवळ टेकून. मागे कोणी असलं की माणूस बसतो तसे. क्लच सोडण्याआधी मान अर्धी वळवून थांबले. मग निघाले. त्या गाडीवर इतक्या हळू जाणारा माणूस मी पाहिला नव्हता. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ते वळसा घालून टाळत होते.

साडेअकराला परत आले. जोरात आले. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता.

मी नळी लावली. डावीकडे खुणेवर. उजवीकडेही बरोबर खुणेवर. पेट्रोल सपाट होतं, कुठल्याही गाडीत असतं तसं.

त्यांनीच सांगितलं. "शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि रोजच्यासारखं म्हणालो, सावकाश उतर. थोडा वेळ थांबलो. मग गाडी हलकी झाली."

"चांगलं झालं, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रुमालानं चष्मा पुसला. मग त्यांचा हात तिथंच थांबला. पुसता पुसता काहीतरी आठवलं असावं. माझ्याकडे बघायला लागले, आणि मी बघितलं तर चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा गेलेला होता.

"शाळा पाचला सुटते," ते म्हणाले. "आता तिला आणायला कोण जाईल?"

त्या दिवशी सव्वाचारला सर गाडी घेऊन गेले. सातला आले. मी माप घेतलं. सपाट. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा ते दुपारी जाऊन आले. तेव्हाही सपाटच. रविवारी सौमित्र आला आणि गाडी अकोल्याला घेऊन गेला. सरांना जुईलीनं पुण्याला नेलं.

एप्रिलमध्ये जुईलीचा मेसेज आला. बाबा गेले, झोपेतच.

जुलैत एका गिऱ्हाइकाची गाडी बघायला भातकुलीला जावं लागलं. परतताना शाळेवरून रस्ता होता. सहा वाजले असतील. पोरं केव्हाच घरी गेली होती, वर्गांना कुलपं होती. फाटक मात्र उघडं होतं, आणि किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन एक म्हातारी दगडावर बसली होती. मी थांबलो. तानुबाई तिचं नाव. उन्हाळ्यानंतरच कामाला लागली होती, जुनं कोणी तिला माहीत नव्हतं.

फाटक काहून लावलं नाई, असं मी विचारलं.

"एक बाई हायेत अजून," ती म्हणाली. "त्यायले न्यायले येणारे आले नाईत."

मी व्हरांड्याकडे पाहिलं. तिथं एक रिकामी खुर्ची होती.

"म्या खुर्ची देल्ली," तानुबाई म्हणाली. "बसतच नाईत. रोज अशाच उभ्या राह्यतात."