एका चाकाचा आशीर्वाद

“पुढचं डावं चाक,” चर्चच्या पायरीवर बसलेला माणूस मान वर न करताच म्हणाला.

सकाळचे सहा वाजले होते. त्याच्या हातात जांभळ्या मक्याच्या गरम आपीचा पेला होता. मी माझी ‘निएवेसची फुलं’ लिहिलेली व्हॅन नुकतीच चौकात थांबवली होती. तळ्याकाठच्या आमच्या कोपाकाबाना गावचा तो उतार उतरताना माझे ब्रेक असे किंचाळायचे, की पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका वळून बघायच्या. मी रोज पहाटे मारियामाउलीची माळ जपल्याशिवाय पाणीही पीत नाही. देवाच्या दारात असा गाजावाजा करत यायची मला लाज वाटायची.

“नुसतं ऐकून कळलं?” मी विचारलं.

“हळू दाबलं की ओरडतं, जोरात दाबलं की गप्प. पॅडवर काहीतरी चिकटलंय.” मग त्याने वर बघितलं. “मी रुफिनो तार्की. हिलारियो मिस्त्रींचा पुतण्या, ओरुरोचा. काकांचा हात मोडलाय, म्हणून महिनाभर गॅरेज माझ्याकडे. दहाला आणा गाडी.”

“दहाला गाड्यांचे आशीर्वाद असतात. माझा धंदाच तो.”

“मग बाराला आणा, कासेरा.”

कासेरा आम्ही नेहमीच्या ओळखीच्या बाईला म्हणतो. हा तर मला पहिल्यांदाच भेटत होता.

माझा धंदा म्हणजे आशीर्वादाला आलेल्या गाड्यांसाठी हार, पाकळ्या आणि रंगीत कागदाचे बारीक तुकडे विकणं. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग चारही चाकांवर बियर ओतायची. ओतायला घरचंच माणूस लागतं, तसा रिवाज आहे. आई गेल्यापासून माझ्या व्हॅनला मीच ओतते.

बारा वाजता रुफिनोने जॅक लावला, चाक काढलं, आणि चिमट्याने आतून एक गुलाबी कागद ओढून काढला. मग एक हिरवा. मग सुकलेली पाकळी.

“हे काय?”

“आशीर्वाद,” मी हळूच म्हटलं. “रविवारी केला होता.”

“आणि हा चिकटा?”

“बियर.”

तो हसला नाही, पण मिशी हलली. “बियर चाकावर ओतायची असते, निएवेसबाई. चाकात नाही.”

पॅड अजून जाड होते, बदलायची गरज नव्हती. त्याने त्यांचा चकाकलेला थर सँडपेपरने घासून काढला, डिस्क पुसली, पॅडच्या पाठीला चिमूटभर ग्रीस लावलं. “पाठीलाच. तोंडाला लागलं तर गाडी सरळ तळ्यात.” मग आम्ही तळ्याकाठच्या रस्त्याला चक्कर मारायला गेलो. वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता हळू करायचं, पुन्हा वेग… असं दहा-बारा वेळा, म्हणजे पॅड बसतात. वारा थंड होता. काचेवर चार गारा वाजल्या आणि थांबल्या.

“चांगला पाय आहे तुमचा,” तो म्हणाला.

“अं?”

“ब्रेकवर. हळुवार पडतो.”

मी रस्त्याकडे बघत राहिले. कान मात्र तापले होते.

दुसऱ्या दिवशी व्हॅन आवाज न करता चौकात आली. एकही बाई वळली नाही. रुफिनो पायरीवर आपी पीत होता, त्यानेही वर बघितलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी काही आपणहून हाक मारणाऱ्यातली नव्हे. अशीच सकाळमागून सकाळ गेली. शेवटी शुक्रवारी आपीवाली म्हणाली, काकांचं प्लॅस्टर निघालं, पुतण्या रविवारी ओरुरोला परत निघाला.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. व्हॅनशेजारी वाकले आणि पुढच्या डाव्या चाकात अर्धी बाटली बियर ओतली.

शनिवारी सकाळी ब्रेक किंचाळले. बायका वळल्या. रुफिनोने वर बघितलं.

“बाराला आणा,” एवढंच म्हणाला.

मी चर्चमध्ये गेले आणि पापाची कबुली द्यायला थेट पाद्रीबाबांच्या जाळीसमोर गुडघे टेकले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “प्रायश्चित्त एकच, मुली. हेच सगळं त्या मिस्त्रीला सांगायचं.”

“दहा माळा जास्त जपल्या तर नाही चालणार, बाबा?”

“नाही.”

बारा वाजता गॅरेजात त्याने चाक काढलं आणि आत बघत उकिडवा बसून राहिला. मी शालीआड माळ घट्ट धरली.

“रुफिनो, ती बियर मी मुद्दाम…”

“माहीत आहे.”

“कसं?”

“कागद नाही, पाकळी नाही. आणि ओली चारही चाकं नाहीत, एकच.” त्याने फडकं घेतलं. “एका चाकाचा आशीर्वाद कोण करतं?”

त्याचा आवाज जरा कडक झाला. “ब्रेकशी पुन्हा असं करायचं नाही. तळ्याकडचा उतार केवढा आहे, माहीत आहे ना? मला नुसती हाक मारायची.”

“हाक मारून काय म्हणायचं?”

“ते मलाही सुचत नव्हतं,” तो म्हणाला. “नाहीतर महिनाभर रोज त्या गार पायरीवर कशाला बसलो असतो? मला आपी आवडत नाही.”

त्याने पॅड घासले, डिस्क पुसली, चाक बसवलं, एकेक नट आवळला. मी पाना हातात देत होते. शेवटचा नट आवळून तो म्हणाला, “काकांची जुनी गाडी मी घेतोय. ती घेऊन उद्या ओरुरोला निघायचं ठरलं होतं. आता म्हणतो, आधी आशीर्वादाला आणावी दहा वाजता. पण एक अडचण आहे.”

“कसली?”

“ओतायला घरचं माणूस लागतं. काकांच्या हाताला अजून बाटली पेलत नाही, आणि दुसरं घरचं माणूस माझ्याकडे नाही.” तो हात पुसत राहिला. कधीचेच स्वच्छ झालेले हात. “आणि ते मिळालं, तर मग ओरुरोला कशाला जायचं…”

बाहेर चर्चची घंटा वाजत होती. मी ती पुरती वाजू दिली.

“चारही चाकांवर ओतीन,” मी म्हटलं. “टायरवरच.”