सुरंगीचा वळेसार

"मान खाली घाल, कळी डोळ्यात जाईल!"

आवाज झाडावरून आला. मी कसली मान खाली घालते! बोरिवलीत, वझिऱ्याच्या बोळात सुरंगीचा वास? आमच्या वेंगुर्ल्याचं झाड — इथे?

"या भागात एकच आहे," तो फांदीवरून म्हणाला. "आजीनं कोकणातून रोप आणलेलं. मी क्लेमेंट. तू?"

"सुनंदा. बघतोस काय? टाक की दोन कळ्या."

"दोनच? पोट भरेल?"

मेला हसायचा फार गोड. मग रोज कॉलेजला जाताना मी ओढणी पसरायची आणि तो वरून कळ्या टाकायचा. कधी स्वतःच गजरा ओवायचा... गाठी अशा वेड्यावाकड्या, की बघून हसूच यायचं. शहाऐंशीचा तो मार्च मी हवेतच होते.

"लग्नाचं कधी बोलणार रे?" एकदा सरळ विचारलं.

"ईस्टर होऊ दे. उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे लग्नाचा विषय काढत नाहीत. सोमवारी येतो तुझ्या आईकडे. घाबरणार नाहीस ना?"

"मी? हट्!"

सुरंगीचा गजरा, आमचा वळेसार, वाळला तरी वास सोडत नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका तो साड्यांत ठेवतात. मीही सवयीनं ठेवला — अक्कल कुठे गेली होती कोण जाणे! आईनं साडीसाठी ट्रंक उघडली आणि घरभर घमघमाट.

"खयसून हाडलंस गो ह्यो? हय सुरंगी गावता खय?"

"एक... फुलवाला येतो. क्लेमेंट."

किरिस्तावाच्या मुलावर प्रेम आहे, हे सांगायची छाती झाली नाही. आणि काय बोलून बसले, हे त्याला सांगायला तोंड उरलं नाही.

सोमवारी तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ताजा वळेसार.

"आंटी, मी क्लेमेंट. मला जरा —"

"अगो बाय, ह्योच मा तुझो फुलवालो?" आईनं मला विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक 'नाही' पुरलं असतं. एवढं एकच.

"हो," मी म्हटलं.

मग वळेसार आईच्या हातात ठेवून तो म्हणाला, "हा शेवटचा, आंटी. बहर संपला."

आईनं तो माझ्याच केसांत माळला. झाडावर अजून पंधरा दिवस पुरतील एवढ्या कळ्या होत्या. मी कालच पाहिल्या होत्या.