आठव्या दिवसाची पिशवी

"ओ सर, दार लावा न आधी!"

आमची पहिली भेट ही अशी. मी चिडलेली, हातात चिमटा... आणि तो नेटहाऊसच्या जाळीच्या दारात गोंधळून उभा, सोबत एक मधमाशी घेऊन आलेला.

"माशीले भेता का?"

"भेत नाई. ती फिरली, तर कोणाचं बीज कोणाचं, तुमचा डीएनए तरी सांगन का?"

"सांगन न," तो हसला. "त्याच्यासाठीच तर आलो."

अंकित हिंगणघाटचा. सेलूजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात वर्ध्याचं ऊन सोसणारी फुलकोबी तयार करायची होती. मी हातानं संकर करायचे — कळी उमलायच्या आत पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर कागदी पिशवी. आठव्या दिवशी पिशवी काढून शेंग धरली का ते पाहायचं. पुढच्या रोपांत हवं ते जनुक उतरलं का, ते अंकित पानाच्या तुकड्यावरून सांगणार होता.

महिनाभरात ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं. त्याच्या भुवईला पिवळे पराग लागायचे. मी सांगायचे नाही, नुसती पाहत राहायचे.

जानेवारीत तो म्हणाला, "एक संकर मी करतो. तू शिकवजो."

"हळू... कळी हाय ते, बोल्ट नाई!"

पिशवी मात्र त्यानं माझ्याकडे पाठ करून बांधली.

नेमकी तेव्हाच माव्याची कीड पडली. आठव्या दिवशी मी सगळ्या पिशव्या काढल्या, त्याची तेवढी ठेवली. त्याच्या शेंगांना कीड लागलेली मला सोसली नसती. पण प्रेमापायी नियम मोडला, हे सांगायचं कुणाला?

संध्याकाळी तो आला. "काढल्या पिशव्या?"

"हो. सगळ्या."

"माही पण?"

"हो म्हटलं न."

"मग... काही सांगायचं नाई तुले?"

मला वाटलं, चोरी पकडली. "नाई बा. काय सांगू?"

त्यानं चिमटा उचलून जागेवर ठेवला. मग "बरं" म्हणाला. पंधरा दिवसांनी बंगळुरूची नोकरी धरून गेलाही. जाताना दार नीट लावलं. न विचारताच गेला, म्हणून मी किती दिवस त्याच्यावर रुसून होते!

मागच्या आठवड्यात त्याची लग्नपत्रिका आली. आमचे साहेब प्रभाकरराव सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते. मीही पाहिली.

आज शेंगा वाळल्या, म्हणून त्याची पिशवी काढली. आत देठाला एक चिठ्ठी बांधलेली होती. संकराच्या चिठ्ठीवर मादीचं नाव आधी, नराचं नंतर; मीच शिकवलं होतं त्याला.

"नंदिनी × अंकित. आज आठवा दिवस. मंजूर असन तर सांगजो. नसन तर काहीच बोलू नको, मी समजून घेईन."

मी तिथंच वाफ्यात बसून रडले. शेंगा टपोऱ्या भरल्या होत्या. एकीलाही कीड नव्हती.

मग पेन्सिल घेतली आणि त्याच्या अक्षराखाली ‘हो’ लिहिलं. खाली आजची तारीख टाकली. तारखेशिवाय चिठ्ठी ठेवत नाहीत आमच्याकडे.